शेतात पाणी जिरवा, घरामागचे पाणी मात्र काढून द्या

मृग तोंडावर आला की आपण बांध बघतो, फुटलेल्या ताली सावरतो, कुळवाच्या पाळ्या घालतो, बियाणे-खताची जुळवाजुळव करतो. शेतातल्या पाण्याचा विचार सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. पण ज्या घरात आपण लेकराबाळांसह रात्री झोपतो, त्या घराच्या मागे उतार किती आहे, त्यावरून पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे पावसाळ्यापूर्वी किती जण फिरून बघतात?

"आपल्याकडं कुठं कोकणासारखा डोंगर आहे? आणि पाऊस तरी कुठं तेवढा पडतोय?" असे कुणीही म्हणेल. जिल्ह्याचा सरासरी पाऊस वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरातला, हे खरेच आहे. परंतु उतारावरचे घर म्हणजे फक्त डोंगरावरचे घर नव्हे. बार्शीकडे बालाघाटाच्या रांगा आहेत, माळशिरसच्या दक्षिणेला महादेव डोंगराच्या सोंडा उतरतात, सांगोला-मंगळवेढ्याकडे चढउताराचे माळ आहेत. याशिवाय पांढरीच्या उंचवट्यावर वसलेली जुनी गावे, ओढ्याच्या दरडीला लागून असलेली घरे, कालव्याच्या भरावाखालच्या वस्त्या ही सगळी उतारावरचीच घरे समजायची. त्यात आता जेसीबी गावोगाव पोहोचला आहे. पूर्वी टिकाव-फावड्याने महिनाभर लागायचा, ती टेकडी आज एका दिवसात कापून घराला जागा होते. जागा झाली, पण पाण्याची जुनी वाट मोडली, याकडे मात्र लक्ष राहत नाही.

दुर्घटनांनी शिकवलेला धडा

पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर खचून आला आणि १५१ माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसे दगावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथे २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत आणि शोधकार्य थांबवावे लागले. तिन्ही ठिकाणी आधी सलग जोरदार पाऊस झाला होता. माती पाण्याने भरली, जड झाली, तिची पकड सुटली आणि ती खाली आली.

माळीणचा पुढचा भाग आपल्याला अधिक उपयोगाचा आहे. गावाचे पुनर्वसन होऊन एप्रिल २०१७ मध्ये लोक नव्या, पक्क्या घरांत गेले. त्याच वर्षी जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात नव्या वसाहतीतला भराव ठिकठिकाणी खचला, रस्त्यांची आणि गटारांची मोडतोड झाली. घर पक्के बांधले म्हणजे जागा पक्की झाली असे नाही, हा त्यातला धडा.

आणि आपल्या जिल्ह्यातले उदाहरण विसरण्यासारखे नाही. १४ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे जिल्ह्यात धो-धो पाऊस झाला. त्या पावसात पंढरपुरात चंद्रभागेकाठी कुंभार घाटाची भिंत कोसळून ६ जणांचा जीव गेला. पंढरपूर काही डोंगरात नाही. पण जिथे एका बाजूला उंच माती, दुसऱ्या बाजूला मोकळी जागा आणि मध्ये भिंत असते, तिथे डोंगराचाच नियम लागू होतो.

पाण्याचा जोर किती असतो?

हा नियम समजायला थोडा हिशेब करू. एक एकर उतारावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर चार लाख लिटर पाणी होते. टंचाईतला आपला पाच हजार लिटरचा टँकर धरला तर ८० टँकर! त्यातले निम्मे मुरले असे धरले, तरी ४० टँकर पाणी घराच्या दिशेने येणार. ५०० चौरस फुटांच्या पत्र्यावरून त्याच पावसात जवळजवळ एक टँकर पाणी वळचणीला पडते.

आता भिंतीमागे साठलेल्या पाण्याचा रेटा पाहू. भिंतीमागे ३ फूट उंचीपर्यंत पाणी साठले, तर भिंतीच्या दर फूट लांबीवर साधारण सव्वाशे किलोचा रेटा येतो. तेच पाणी ६ फूट चढले की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे पाचशे किलोच्या वर. ३० फूट लांबीच्या भिंतीवर हा रेटा पंधरा टनांच्या पुढे जातो. उसाचा भरलेला ट्रक आडवा होऊन भिंतीला टेकल्यासारखेच हे आहे. मातीचा रेटा आणखी वेगळा. म्हणून भिंत किती जाड आहे याआधी भिंतीमागचे पाणी निघून जाते का, हे विचारले पाहिजे.

आपल्या जमिनीचा स्वभाव

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, हे आपण रोज बघतो. हाताची बोटे जातील अशा भेगांतून पहिले पाणी थेट खाली मुरमापर्यंत जाते. खाली मुरूम किंवा खडक घट्ट असला की पाणी तिथे अडते आणि माती व मुरूम यांच्या सांध्यातून उताराच्या दिशेने वाहू लागते. तो सांधा साबण लावल्यासारखा निसरडा होतो. उतार फार नसला तरी वरची माती सरकते ती या सांध्यावरून.

दुसरी गोष्ट विहीर खोदताना दिसते. काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा लागतो. त्यातून पाणी खाली सहज जात नाही, ते आडवे फुटते. टेकडीच्या कापात असा तांबडा पट्टा दिसला, तर पावसाळ्यात तिथून पाझर सुटणार असे समजा. त्याच्या पुढ्यात घर बांधू नये.

आणखी एक. आपल्याकडे मोठा पाऊस बहुतेक वेळा शेवटी येतो. उत्तरा, हस्त, चित्रा ही आपली धोक्याची नक्षत्रे. २०२० चा पाऊस ऑक्टोबरमधला, आणि सीनेने काठच्या गावांची दाणादाण उडवली तो पूर सप्टेंबर २०२५ मधला. तोवर जमीन ओली झालेली असते आणि जूनमध्ये साफ केलेले चर गवताने, गाळाने बुजलेले असतात.

कुठे जिरवायचे, कुठून काढायचे?

'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा आम्ही शेती खात्याची माणसे वर्षानुवर्षे देत आलो आहोत आणि ती योग्यच आहे. सोलापूरला १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, तेव्हापासून या जिल्ह्याने बांधबंदिस्तीत बरेच काही शिकले आणि इतरांनाही शिकवले. जलयुक्त शिवारच्या आणि श्रमदानाच्या कामांतून माळामाळावर सलग समतल चर झाले, शेततळी झाली. विहिरींना त्याचा फायदा झाला.

पण हीच घोषणा घराच्या मागे लावू नये. समतल चर हा पाणी जागेवर थांबवून जमिनीत मुरवण्यासाठी असतो. तो घराच्या नेमका वर, कापाच्या डोक्यावर काढला, तर मुरलेले पाणी थेट घरामागच्या दरडीत उतरते. घराच्या वरच्या अंगाला शेततळे, पाटपाण्याचा ऊस, शोषखड्डा, गळकी टाकी, फुटलेली पाइपलाइन या सगळ्यांचे तेच. घरामागे पाणी जिरवायचे नाही, ते वळवून काढून द्यायचे. वस्तीच्या वर आधीच समतल चर असतील तर ते घाईने बुजवू नका. कृषी खात्याच्या किंवा जलसंधारणाच्या माणसाला जागेवर आणा. बहुतेक ठिकाणी त्याच चराला थोडा ढाळ आणि सांडवा देऊन काम भागते.

घरामागचा चर असा काढा

कापाच्या किंवा दरडीच्या कडेपासून सहा ते आठ फूट मागे, वरच्या अंगाला चर घ्या. वरून एक एकराचे पाणी येत असेल तर तळाला दीड फूट रुंद आणि सव्वा फूट खोल चर साधारणपणे पुरतो. क्षेत्र जास्त असेल तर माप वाढवा. निघालेली माती चराच्या खालच्या बाजूला टाकून दाबा, म्हणजे तिचाच बांध होतो.

चराला ढाळ शंभर फुटाला एक फूट इतका ठेवा. यापेक्षा फार कमी ठेवला तर पाणी तुंबते आणि मुरते, फार जास्त ठेवला तर चरच खणला जातो. ढाळ नजरेने काढू नका. गवंड्याकडे असते ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या, काम अगदी सोपे आहे. काळ्या मातीत चराच्या तळाला चपटे दगड बसवा. ऐपत असेल तर सिमेंटने दर्जा भरून घ्या, म्हणजे भेगांतून पाणी खाली उतरणार नाही.

चराचे तोंड कुठे सोडायचे, हा भांडणाचा विषय होतो. पाणी शेजाऱ्याच्या जोत्यावर किंवा त्याच्या बांधावर सोडले, तर आपले घर वाचवून दुसऱ्याचे पाडल्यासारखे होईल. चर जुन्या ओघळीला किंवा ओढ्यालाच मिळाला पाहिजे आणि तोंडाशी दगडांची पिचिंग हवी. वाट शेजाऱ्याच्या जागेतून जात असेल तर दोघांनी मिळून आधी ठरवून घ्यावे. पाऊस सुरू झाल्यावर रात्री फावडे घेऊन समोरासमोर उभे राहण्यात शहाणपण नाही.

वळचणीचे पाणी पन्हळीने गोळा करून जोत्यापासून लांब न्या. घराभोवती तीन फूट रुंदीची फरशी किंवा कोबा करा आणि त्याचा ढाळ बाहेरच्या बाजूला ठेवा. मोरीचे सांडपाणी आणि शोषखड्डा घराच्या खालच्या अंगालाच असावा.

काप, भराव आणि भिंत

उतारावर जागा करताना निम्मी माती कापायची आणि तीच पुढे टाकून अंगण वाढवायचे, ही सर्वांची पद्धत. मग निम्मे घर मुरमावर आणि निम्मे भरावावर बसते. दोन पावसाळ्यांत भराव दबतो आणि भिंतीला तिरकी भेग जाते. शक्य तर पूर्ण घर कापलेल्या घट्ट जागेवर घ्या, भरावावर फक्त अंगण किंवा गोठ्याचा मोकळा भाग ठेवा. ते शक्य नसेल तर पाया भरावातून खाली मूळ मुरमापर्यंत न्या. भराव टाकण्याआधी वरची गवत-मुळे काढा, उताराला पायऱ्या पाडा, सहा-सहा इंचांचे थर द्या आणि प्रत्येक थर ओलवून धुम्मसाने ठोका. भरावात काळी माती घालू नका, मुरूमच घाला.

काप सरळ उभा ठेवू नये. मुरमाचा काप निदान उंचीइतका मागे झुकवा. काळ्या मातीत उंचीच्या दुप्पट ढाळ लागतो. घराची मागची भिंत आणि कापाचा पायथा यांत निदान कापाच्या उंचीइतकी जागा मोकळी सोडा. तेवढी जागाच नसेल तर तिथे घर नको, हे आधीच ओळखावे.

आधाराची भिंत घालायची तर जुन्या लोकांची कोरडी दगडी रचाई आजही चांगली. तिच्या फटींतून पाणी आपोआप निथळते. पायथ्याची रुंदी उंचीच्या निम्मी ठेवा, पाया मुरमात न्या, दगड आतल्या बाजूला कललेले बसवा. सिमेंटची भिंत असेल तर दर पाच फुटांवर तीन इंची पाइपचे तुकडे बाहेरच्या बाजूला उतरते बसवा. पहिली ओळ जमिनीपासून वीतभर उंचीवर घ्या, आणि भिंतीमागे फूटभर रुंदीची खडी वरपर्यंत भरा. ही भोके दिसायला वाईट म्हणून पुढे गिलाव्यात बुजवली जातात. असे कधीही करू नका. पावसात त्या भोकांतून पाणी वाहताना दिसले तर घाबरू नका, भिंत आपले काम करत आहे. पाऊस पडूनही ती कोरडी राहिली तरच काळजी करा. सहा फुटांच्या वरची भिंत मात्र अभियंत्याला विचारल्याशिवाय घालू नये.

दरडीवर गवत राहू द्या. मारवेल, पवना, वाळा, घायपात, निरगुडी ही आपल्या माळाला मानवणारी झाडे माती धरून ठेवतात. गुरे सोडून दरड बोडकी करू नका. कापाच्या अगदी कडेवर मात्र मोठे झाड नको. वाऱ्याने ते हलले की मातीत फट पडते.

पांढरीची माती काढू नका

आपल्याकडच्या जुन्या गावांचा हा खास धोका आहे. पांढरीच्या उंचवट्याची, पडक्या गढीची माती चांगली म्हणून लोक माळवदावर टाकायला, शेतात पसरायला खणून नेतात. खालून खणत गेले की वरच्या घराखाली कपार तयार होते. कोरडी असेपर्यंत ती माती उभी भिंतीसारखी राहते आणि आपण फसतो. पाणी लागले की ती साखरेसारखी विरघळते. वर राहणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. माती नेणारा वेगळा, मरणारा वेगळा, असा हा प्रकार आहे. गावाच्या पांढरीला लागून कुठलीही खोदाई होऊ देऊ नये. आधीच कपार झाली असेल तर तिच्या तोंडाला दगडाची रचाई करून घ्यावी आणि वरच्या घरांचे सांडपाणी दुसरीकडे वळवावे. जुन्या मातीच्या घरांत माळवदाच्या पन्हळी मोकळ्या आहेत का, भिंतीच्या बुडाला ओल आहे का, हेही बघावे.

या खुणा दिसल्या तर

* कापाच्या वर, उताराला आडवी नवी भेग पडणे किंवा जुनी भेग रुंदावणे. काळ्या मातीच्या नेहमीच्या भेगा चहूकडे जाळीसारख्या असतात आणि पावसात मिटतात. ही भेग लांब, कमानीसारखी असते आणि पावसातही उघडी राहते.
* विजेचा खांब, कुंपण किंवा झाडे खालच्या बाजूला कलणे.
* दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे, जोत्याला तिरकी भेग जाणे.
* नवीन ठिकाणी पाझर फुटणे, किंवा नेहमीचा स्वच्छ पाझर गढूळ होणे.
* भिंतीला पोट येणे.

भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका आणि अंतर मोजून भिंतीवर लिहून ठेवा. रोज मोजा. अंतर वाढत असेल तर पाऊस थांबण्याची वाट बघू नका. भेगेत पाणी जाणार नाही अशा रीतीने वर ताडपत्री टाका, पण घर आधी रिकामे करा. जनावरांचे दावे सोडा, माणसे नातेवाइकाकडे किंवा शाळेत न्या. इर्शाळवाडीची दरड रात्री आली. संशय असेल तर त्या घरात रात्रीची झोप नको.

ग्रामपंचायतीने काय करावे

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि सदस्यांना विनंती, की उन्हाळ्यातच गावाची एक शिवारफेरी घराघरांच्या मागून काढा. कापाखालची, पांढरीच्या कडेची, ओढ्याच्या दरडीवरची आणि कालव्याच्या भरावाखालची घरे यादीवर घ्या. त्या घरांत म्हातारी माणसे, अंथरुणाला खिळलेले, बाळंतीण कोण आहेत, हे त्याच यादीत लिहा. रात्री अपरात्री हलवायची वेळ आली तर शाळेची किंवा समाजमंदिराची किल्ली कुणाकडे आहे, हे आधी ठरवा.

घरकुलासाठी गायरानात जागा देताना मोजणीबरोबरच पाण्याची वाटही बघा. माळ सपाट करून प्लॉट पाडले जातात आणि मधली ओघळ बुजते. ती ओघळ दहा वर्षे कोरडी असेल, पण अकराव्या वर्षी पाणी आपली जुनी वाट शोधत येते, ते मधल्या घरातूनच. जुन्या ओघळीवर प्लॉट नको. नवा रस्ता झाला की त्याची गटारे आणि मोरी कुणाच्या घरावर पाणी सोडतात, हे काम ताब्यात घेण्याआधी पाहावे. कालव्याच्या भरावातून पाझर वाढला असेल तर पाटबंधारे खात्याला लेखी कळवा आणि पोच ठेवा. दरडीच्या धोक्याबाबत तहसील कार्यालयाला लेखी कळवावे. अडचणीच्या वेळी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आणि पोलीस-रुग्णवाहिकेसाठी ११२ हे क्रमांक चावडीवर ठळक लिहून ठेवा.

एवढ्या सगळ्याला खर्च किती? चर काढायला दोन माणसांचे दोन दिवस, पाइपचे चार तुकडे आणि माळावरचे दगड. घर पडल्यावर पंचनामा होतो, मदतही मिळते, पण घर पुन्हा उभे करायला आयुष्याची कमाई लागते आणि गेलेले माणूस तर कशानेच परत येत नाही.

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, दोन तारखा धरून ठेवा. पहिली साफसफाई मृगाच्या आधी आणि दुसरी गणपतीच्या आधी. या दोन्ही वेळी फावडे घेऊन घराच्या मागे जा, चर मोकळा करा, भिंतीची भोके काडीने साफ करा आणि दरडीवर एक नजर टाका. शेताचा बांध आपण दरवर्षी बघतो. घराच्या मागचा बांधही त्यातच धरावा.